उंच वाफा आणि मातींतली ओल

पिकाला पाणी देणें ही एक विद्या आहे, आणि दिलेलें पाणी मातींत टिकवून धरणें ही दुसरी. पहिलीचा इतिहास धरणें, कालवे, विहिरी व मोटा यांच्या रूपानें सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. तिच्यासाठीं राज्यकर्त्यांनीं द्रव्य खर्चिलें आणि इंजिनियरांनीं कीर्ति मिळविली. दुसऱ्या विद्येचे शिलालेख मात्र कोणीं कोरले नाहींत. ती कुळवाच्या फेऱ्यांत, शेणखताच्या खड्ड्यांत आणि वाफ्याच्या कडेवर राहिली. तथापि ज्या देशांत चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडें आकाश, तेथें घरांत किती धान्य व किती भाजी यावी याचा निकाल बहुधा या दुसऱ्या विद्येनेंच लागत आला आहे. आज शहरांतील गच्चीवर विटांचा वाफा रचून त्यांत मेथी-कोथिंबीर लावणारीं कुटुंबें याच विद्येच्या दाराशीं उभीं असतात. कारण सकाळीं भिजविलेला वाफा सायंकाळीं कोरडा कां होतो, हा प्रश्न त्यांना रोज पडतो. त्या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे, आणि त्याचीं कित्येक पानें पुणें जिल्ह्यांतच लिहिलीं गेलीं आहेत.

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भीमा नदीच्या कांठीं राजगुरुनगर वसलेलें आहे. याचें पूर्वींचें नांव खेड. १९३१ सालच्या मार्च महिन्याच्या २३ तारखेस लाहोर येथें फांशीं गेलेले हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचा जन्म १९०८ सालीं याच गांवीं झाला, आणि त्यांच्या स्मरणार्थ गांवानें नवें नांव धारण केलें. या तालुक्याची भूमि मोठी विलक्षण आहे. पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो. तेथें भाताचीं खाचरें आणि उतारावरची मुरमाड जमीन. पूर्वेस चाकणच्या बाजूस यावें तों पाऊस उणावत जातो, आणि बाजरी, ज्वारी व कांदा यांचा मुलूख लागतो. पाणी फार झालें म्हणून हातचें गेलें आणि पाणी नाहीं म्हणून हातचें गेलें, हीं दोन्ही दुःखें एकाच तालुक्याच्या दोन टोकांस नांदतात. उंच वाफ्याची सारी कथा या दोन दुःखांच्या मधोमध चालते.

आपल्याकडील माळी व शेतकरी यांना वाफ्यांचे प्रकार पुष्कळ ठाऊक आहेत. पाणी साठवावयाचें तर सपाट वाफा किंवा आळें, हळद-आल्यासाठीं सरी-वरंबा, आणि कांदा, मिरची, वांगीं यांचें रोप तयार करावयाचें तर गादीवाफा. गादीवाफा म्हणजे भोंवतालच्या जमिनीहून सुमारें अर्धा फूट उंच, तीनचार फूट रुंद असा मातीचा मऊ ओटा. त्याचें मूळ प्रयोजन पाणी धरणें हें नव्हे, पाणी काढून देणें हें आहे. आषाढांतल्या झडींत सपाट जमिनीवरील कोंवळें रोप पाण्यांत उभें राहतें, त्याच्या मुळांना हवा मिळत नाहीं आणि तें मुळाशीं कुजतें. गादीवाफ्यावरून जादा पाणी बाजूच्या चरांत उतरतें आणि रोप वांचतें.

परंतु ज्या गुणानें वाफा पावसाळ्यांत तारतो, तोच गुण उन्हाळ्यांत मारतो. उंच मातींतील पाणी खालीं ओढलें जातेंच. शिवाय वाफ्याला माथ्याबरोबर दोन कडाही असतात, आणि त्यांवरूनही ऊन व वारा ओल शोषून घेतात. साधें गणित करावें. चार फूट रुंद आणि अर्धा फूट उंच वाफ्याच्या दोन कडा मिळून एक फूट होतात. म्हणजे उघडी बाजू सव्वापट झाली. तोच वाफा एक फूट रुंद आणि एक फूट उंच केला तर एका फुटाच्या माथ्याला दोन फुटांच्या कडा येऊन उघडी बाजू तिप्पट होते. म्हणून अरुंद व उंच वाफा लौकर वाळतो, आणि रुंद व बुटका वाफा ओल जपतो. जुन्या माळ्यांनीं हें गणित पाटीवर मांडलें नव्हतें; पण त्यांचे गादीवाफे रुंद आणि बुटकेच असत.

उंच वाफ्याचें जगांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मेक्सिकोचें. तेथील उथळ सरोवरांत अझ्टेक लोकांनीं चिखल व पाणवनस्पति यांचे थर देऊन ‘चिनांपा’ नांवाचे लांबट वाफे उभारले होते. त्यांच्या चहूंकडे पाण्याचे कालवे असल्यामुळें वरून वाळणाऱ्या मातीला खालून व कडेनें नित्य ओल मिळे. दख्खनच्या वाफ्याच्या नशिबीं असें सरोवर नाहीं. त्याला जें पाणी मिळेल तें त्याच्या स्वतःच्या मातींतच सांठलें पाहिजे. तेव्हां खरा प्रश्न वाफ्याच्या उंचीचा नसून मातीच्या घडणीचा ठरतो.

ही जाणीव फार जुनी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’ंत वृक्षांच्या निगेविषयीं एक अध्याय आहे. झाडें लावण्यापूर्वीं जमीन मऊ असावी, तींत तीळ पेरावे आणि ते फुलावर आले म्हणजे तेथेंच तुडवून मातींत मिळवावे, असें त्यांत सांगितलें आहे. आजच्या भाषेंत यालाच हिरवळीचें खत म्हणतात. कुजलेला पालापाचोळा मातीच्या कणांना एकत्र बांधतो, त्यांच्यामध्यें बारीक पोकळ्या निर्माण करतो, आणि स्वतः आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. रेताड मातींत पाणी थांबत नाहीं. चिकण मातींत तें थांबतें, पण मुळांना सहजीं सुटत नाहीं आणि हवाही कोंडते. या दोहोंच्या मध्यें समेट घडविण्याचें काम कुजलेला पाला करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या प्रश्नाला जीवनमरणाचें स्वरूप आलें. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. सरकारचें लक्ष मोठ्या धरणांकडे व कालव्यांकडे होतें. पुण्याजवळचें खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें. त्याच काळांत, १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत वेगळी दृष्टि मांडली. डोंगरांवरील पालापाचोळा व मेलेले जीवजंतु पावसाबरोबर वाहत येऊन शेतांना खत मिळे, हें त्यांनीं दाखवून दिलें. आणि सरकारनें आपल्या पलटणी व पोलीस कामास लावून ठिकठिकाणीं असे बंधारे घालावे कीं, पावसाचें पाणी नदीनाल्यास मिळण्यापूर्वीं शेतांत मुरेल, अशी सूचना केली. कालव्यानें पाणी दूर नेतां येतें. पण तें शेतांत पडतें तेथेंच मुरविलें तर प्रत्येक शेत स्वतःचेंच तळें होतें, हा या सूचनेचा गाभा होय. माळी कुळांतल्या आणि फुलाभाज्यांचा व्यवहार जवळून पाहिलेल्या या पुरुषाला मातींतल्या ओलीची किंमत पुस्तकांतून शिकावी लागली नसावी.

पुढें कालव्यांनीं पाणी आलें, आणि त्याबरोबर दुसरें संकट आलें. नीरा नदीच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी मुबलक मिळूं लागल्यावर कित्येक ठिकाणीं जमिनी चिबड झाल्या, खालचे क्षार वर आले आणि शेतें पांढरीं पडलीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी वि. आ. ताम्हणे यांनीं या जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं त्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. पाण्यावांचून जमीन मरते, तशीच ती पाण्याच्या अतिरेकानेंही मरते, हा धडा येथें अभ्यासानें ठरला. जादा पाण्याला वाट आणि हव्या त्या ओलीला थारा, हीं दोन कामें एकाच मातीकडून करून घ्यावयाचीं, ही अवघड कसोटी होती.

याच डॉ. मॅन यांनीं १९१७ सालीं एका खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तो देशभर गाजला. तें खेडें म्हणजे पवनेच्या कांठचें पिंपळें सौदागर. त्या गांवांत १७७१ सालीं सरासरी वहिवाट सुमारें ४० एकरांची होती. १९१४-१५ सालीं ती अवघी ७ एकरांवर आली होती, आणि तीही तुकड्या-तुकड्यांनीं विखुरलेली. या आंकड्यांचा बोभाटा कर्ज व वाटण्या यांच्या चर्चेंत पुष्कळ झाला. परंतु त्यांचा मातीच्या ओलीशींही निकट संबंध आहे. चाळीस एकरांच्या धन्याचें एखादें शेत वाळलें तरी दुसरें पिकतें. सात एकरांच्या धन्याला मात्र प्रत्येक बिघ्यानें हात दिला पाहिजे. जमीन जसजशी लहान होत गेली, तसतसें तींत पडलेल्या प्रत्येक थेंबाचें मोल वाढत गेलें.

या विचारास प्रयोगाची जोड पुण्याजवळच मिळाली. १९२३ सालीं मांजरी येथें ताम्हणे यांनीं कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग आरंभिले. १९२६ पासून ना. वि. कानिटकर यांनीं ते पुढें चालविले. ज्या ताम्हण्यांनीं नीरेच्या खोऱ्यांत पाण्याच्या अतिरेकाचा अभ्यास केला, त्यांनींच मांजरीस पाण्याच्या टंचाईचा हिशेब मांडावा, हें अर्थपूर्ण आहे. १९३३ सालीं सोलापूर आणि विजापूर येथें यासाठीं संशोधनकेंद्रें निघालीं. त्यांतून निघालेल्या रीतीस ‘मुंबई पद्धति’ असें नांव पडलें. शेताला समपातळीवर बांध घालावे, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट करावी, शेणखत द्यावें, पेरणीपूर्वीं कुळवाच्या पाळ्या घालाव्या, बीं कमी वापरून ओळींत अंतर अधिक ठेवावें, अशी ती रीत होती. कानिटकरांनीं या साऱ्या कामाचा आढावा १९४४ सालीं ग्रंथरूपानें दिला. या पद्धतीनें उत्पन्न कांहीं दुपटीनें वाढलें नाहीं. वाढ माफकच होती. पण पावसाच्या लहरीपुढें हात टेकण्याऐवजीं मातीशीं हिशेब करण्याची संवय तिनें लावली. सोलापूरचें तें केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या छत्राखालीं काम करतें. पाणी शेतांतच मुरवावें असें सांगणाऱ्या पुरुषाचें नांव त्या कार्यावर यावें, हा उचितच योग होय.

या संशोधनाच्या काळांत एका जुन्या समजुतीचीही परीक्षा झाली. कोळपणी केली म्हणजे वरच्या भुसभुशीत धुळीचें पांघरूण होतें आणि खालची ओल उडत नाहीं, असें जगभर मानलें जाई. १९२७ सालीं कॅलिफोर्नियाच्या व्हीमायर यांनीं प्रयोगान्तीं दाखविलें कीं, कोळपणीचा मुख्य लाभ तण निघाल्यामुळें होतो. तण हेंच ओलीचें मोठें चोर आहे. आपल्या काळ्या जमिनींत भेगा बुजतात हा आणखी एक लाभ आहे. पण नुसती माती उकरल्यानें वाफ्याचें पाणी वांचत नाहीं. मातीवर पेंढ्याचें, पाचटाचें किंवा पाल्याचें आच्छादन घातलें तर मात्र ऊन व वारा यांचा मातीशीं संबंधच तुटतो, आणि ओल खरोखर वांचते.

मातीच्या पोटांत भर घालण्याचा मार्ग शोधला गेला तो होळकरांच्या इंदुरांत. तेथें १९२४ ते १९३१ या काळांत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं शेतांतील काडीकचरा, शेण, गोठ्यांतली मुतारीची माती आणि लांकडाची राख यांचे थर देऊन, योग्य वेळीं ढीग उलथेपालथे करून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत बनविण्याची रीत बसविली. ती ‘इंदूर पद्धति’ म्हणून जगांत पसरली. १९३१ सालीं तिच्यावरचा ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचें नांव आहे. पुढें कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर, मूळचे गणिताचे शिक्षक, यांनीं ‘प्रयोग परिवार’ या चळवळींतून हाच धागा सामान्य शेतकऱ्यांच्या व गृहस्थांच्या हातीं दिला. घरचा व शेतचा काडीकचरा हीच मातीची ठेव, आणि तिच्या बळावर थोड्या जागेंतही विपुल पिकवितां येतें, हें त्यांनीं प्रयोगांनीं पटवून दिलें.

या साऱ्या प्रवाहांचा संगम विसाव्या शतकाच्या अखेरीस राजगुरुनगरीं झाला. कांदा व लसूण यांच्या संशोधनासाठीं १९९४ सालीं नाशिक येथें स्थापन झालेलें राष्ट्रीय केंद्र १९९८ सालीं राजगुरुनगरास आलें, आणि २००८ सालीं त्यास संचालनालयाचा दर्जा मिळाला. त्यानें काढलेल्या वाणांना ‘भीमा शक्ति’, ‘भीमा किरण’, ‘भीमा सुपर’ अशीं भीमेचींच नांवें आहेत. कांद्याचीं मुळें उथळ असतात. वरच्या वीतभर मातींतच त्यांचा बहुतेक संसार. ती वीतभर माती वाळली कीं कांदा पोसत नाहीं. कोरड पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिलें तर वरचे पापुद्रे फाटतात. आणि पाणी तुंबलें तर रोगाला आमंत्रण मिळतें. उंच वाफ्याची परीक्षा घेण्यास याहून नाजूक पीक मिळणें कठीण.

राजगुरुनगरच्या संस्थेनें जी रीत शिफारशीस घेतली ती रुंद वाफा व सरी यांची आहे. वाफ्याचा माथा १२० सेंटिमीटर रुंद, उंची १५ सेंटिमीटर, आणि दोन वाफ्यांमध्यें ४५ सेंटिमीटरांची सरी. जुन्या गादीवाफ्याचें आणि याचें नातें पाहतांच ध्यानांत येतें. मात्र पूर्वीं जें रोपापुरतें होतें, तें आतां सबंध पिकासाठीं झालें. पावसाळी कांद्याचें जादा पाणी सरींतून निघून जातें. रब्बींत वाफ्यावर ठिबकच्या दोन नळ्या टाकून थेंब थेंब पाणी मुळांच्या थरांतच मुरवितात. ठिबकचें हें तंत्र १९६० नंतरच्या दशकांत इस्रायलांत व्यवहारांत आलें आणि पुढें जळगांवकडील उद्योगामुळें महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचलें. पाटानें पाणी देण्याच्या मानानें या रीतीनें पाण्याची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बचत होऊन उत्पन्नही वाढतें, असा तेथील प्रयोगांचा निष्कर्ष आहे. यांतही एक मर्म आहे: काढणीपूर्वीं सुमारें दहा दिवस पाणी तोडावें लागतें, नाहीं तर कांदा चाळींत टिकत नाहीं. ओल धरणें ही विद्या, तशीच ती वेळेवर सोडणें हीही विद्येचाच भाग आहे.

आतां पुन्हा पिंपळें सौदागराकडे वळावें. डॉ. मॅन यांनीं जेथें एकरांचे तुकडे मोजले, तें गांव आज पिंपरी-चिंचवड महानगरांत सामावून गेलें आहे. जुन्या शेतांच्या जागीं अनेक मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. चाळीस एकर, सात एकर, आणि आतां गच्चीवरचा चारदोन हातांचा वाफा! जमीन आटत आटत येथवर आली. तथापि माती व पाणी यांचे नियम बदललेले नाहींत. उलट ते अधिक कडक झाले आहेत. शेतांतल्या वाफ्याखालीं खोलवर जमीन तरी असते. गच्चीवरील वाफ्याखालीं तापलेला सिमेंटचा तक्ता असतो. त्याला खालून ओल मिळण्याची आशा नाहीं.

म्हणून या इतिहासानें शिकविलेल्या गोष्टी तेथें अधिकच लागू पडतात. जागा असेल तर वाफा रुंद करावा, अरुंद व उंच करूं नये. मधोमध हात पोंचेल इतकीच रुंदी ठेवावी. तळाशीं पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी, कारण नीरेच्या खोऱ्यांतला धडा कुंडीलाही लागू आहे. नुसती लाल माती किंवा नुसतें काथ्याचें भूस भरूं नये; चांगल्या मातींत तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें तरी पूर्ण कुजलेलें खत मिसळावें. आपल्या उष्ण हवेंत हें खत झपाट्यानें झिजतें, याकरितां प्रत्येक हंगामापूर्वीं त्याची भर घालावी. उन्हाळ्यांत मातीवर दोनतीन बोटें जाड पालापाचोळ्याचें आच्छादन घालावें, पण तें रोपाच्या बुंध्याला भिडवूं नये. झडीच्या दिवसांत तें विरळ करावें. तण दिसतांच काढावें. पाणी सकाळीं, सावकाश आणि पुरेसें द्यावें. घाईनें ओतलेलें पाणी कोरड्या मातीच्या कडेकडेनें निघून जातें आणि मधला गाभा कोरडाच राहतो. रोज थोडें शिंपडून वरचा पापुद्रा ओला करण्यापेक्षां बोटाचीं दोन पेरें मातींत घालून पाहावीं, आणि तेथें कोरड लागली तरच खोलवर भिजवावें. अशानें मुळें ओलीच्या शोधांत खालीं जातात आणि एखाद्या दिवसाच्या विसराळूपणानें झाड कोमेजत नाहीं.

यांत नवें असें थोडेंच आहे. वराहमिहिराचे तीळ, फुल्यांचे बंधारे, ताम्हणे-कानिटकरांचा कुळव, इंदूरचा खताचा ढीग आणि राजगुरुनगरचा रुंद वाफा हीं एकाच दीर्घ पाठाचीं प्रकरणें आहेत. पाण्याचा तुटवडा हा आकाशाचा दोष म्हणून सांगणें सोपें असतें. मातीची झीज हा आपल्या हातांचा दोष म्हणून पत्करणें कठीण जातें. भीमा, पवना व इंद्रायणी यांच्या पाण्यावर आज शेतें, कारखाने आणि लक्षावधि घरें यांचा एकाच वेळीं हक्क आहे. अशा काळांत पाण्याची प्रत्येक बादली जिच्या पोटांत दोन दिवस अधिक टिकेल, अशी माती तयार करणें हें केवळ छंदाचें काम राहिलेलें नाहीं. उंच वाफा बांधणें एका दुपारचें काम आहे. त्यांतली माती घडविण्यास मात्र कांहीं वर्षें लागतात, आणि तीं वर्षें कारणीं लागलीं कीं नाहीं, हें चैत्रांतली एक दुपार सांगून जाते.